कमाल मुदत

मागच्या आषाढात, चातुर्मास लागायच्या दोन-तीन दिवस आधी, आमच्या शेजारची सून संध्याकाळी फोन घेऊन आली. "काकू, एवढं वाचून सांगा बघू. खरं काय खोटं, तेवढंच सांगा." ती एका पतसंस्थेत कारकून आहे, वय चौतीस. बी.ए.चं दुसरं वर्ष झालं, लग्न ठरलं आणि कॉलेज तिथंच थांबलं. आता शाखेत वरची जागा रिकामी होणार आहे आणि त्या जागेला पदवी लागते. फोनवर कुठल्याशा प्रवेश मार्गदर्शन केंद्रानं पाठवलेलं माहितीपत्रक होतं, बावीस पानांचं. नोकरी करणाऱ्यांसाठी ऑनलाइन वेगवान पदवी, अठरा महिन्यांत.

मी आजवर कवितांवर, कादंबऱ्यांवर, फार तर एखाद्या नाटकावर लिहीत आले. माहितीपत्रकाची परीक्षा करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण वाचायला घेतलं आणि ध्यानात आलं की यातही एक गोष्ट सांगितलेली आहे. नायिका आहे, तिची अडचण आहे, अडचण सोडवणारा आहे आणि शेवट गोड आहे. शिवाय आपल्या घरांतल्या कितीतरी बायका ओळ न ओळ, शेवटच्या पानापर्यंत वाचतात असं पुस्तक आज बहुतेक हेच असतं. मग त्याची समीक्षा का नको?

पहिल्या पानावर ती नायिका आहे. पांढऱ्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला कॉफीचा मग, मागं कुंडीत हिरवं रोपटं. चेहरा निवांत. घरात दुसरं माणूस दिसत नाही. कुकरची शिट्टी नाही, औषधाची वेळ झालेली सासू नाही, दप्तर टाकून 'खायला दे' म्हणणारं पोर नाही. बरं, ही बाई नोकरी करते असं मजकूर सांगतो, तर चित्रात सकाळचं ऊन आहे. ऑफिसला जायच्या वेळेला ही इथं कशी बसलीय?

मजकूर इंग्रजीत, वर मराठीचं मीठ भुरभुरलेलं. 'तुमच्या वेळेत' हे शब्द अकरा वेळा आले. पेन्सिल घेऊन मोजले, जुनी खोड. 'फक्त' नऊ वेळा. फक्त अठरा महिने, फक्त एवढा हप्ता, फक्त एक क्लिक. 'तास' हा शब्द एकदाही नाही. आठवड्याला किती तास अभ्यास करावा लागेल, हे बावीस पानांत कुणी सांगितलेलंच नाही. एखाद्या कादंबरीत घर आहे, माणसं आहेत, सणवार आहेत, पण कुणी कधी जेवतच नाही, तसं ते वाचताना झालं.

प्रवेशाचं पान तर अर्धंच. बारावी पास असाल तर प्रवेश निश्चित, आणि लगेच पुढं हप्त्यांचा तक्ता. तुम्ही आधी काय शिकलात, काय काम करता, का शिकायचंय, यातलं काहीही विचारलेलं नाही. भोळ्या माणसाला हा मोकळेपणा वाटतो. मला तो दुकानदाराचा मोकळेपणा वाटला, 'घ्या हो ताई, नंतर बघू' म्हणणाऱ्याचा.

आता ही 'वेगवान' कल्पना आली कुठून ते बघू. ती मुळात अमेरिकेतली आणि तिथं तिला अर्थ आहे. कॉलेज अर्धवट सोडून नोकरीला लागलेली आणि तिशी-चाळिशीत परत येणारी माणसं तिथं पुष्कळ. न्यूयॉर्क राज्यानं अशा मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी १९७१ मध्ये एम्पायर स्टेट कॉलेज काढलं. अशा ठिकाणी प्रवेश म्हणजे आधी हिशेबाला बसणं. पूर्वी कुठं किती क्रेडिट मिळवले ते मोजून घेतात. नोकरीत जे शिकलात त्याची फाइल करायला लावतात, शिक्षक ती तपासतात, पटलं तर त्याचेही क्रेडिट देतात. क्लेप नावाच्या परीक्षा १९६७ पासून आहेत. वर्गात न बसताही विषय येतो हे त्यात दाखवलं की पुष्कळ कॉलेजं तो विषय झाला असं धरतात. १२० क्रेडिटच्या पदवीत निम्म्याहून जास्त असे मागचे क्रेडिट मान्य करणारी कॉलेजं आहेत. मग उरलेले विषय एका वेळी एक किंवा दोन, सात-आठ आठवड्यांत एकेक संपवायचा. म्हणजे तिथला वेग बराचसा मागच्या कष्टांच्या मोजणीतून येतो. बाई जास्त पळते म्हणून नव्हे, ती अर्ध्या वाटेवर आधीच उभी आहे हे कुणीतरी मान्य करतं म्हणून.

तिथंही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. नोकरदार प्रौढांसाठी म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढं फार मोठ्या झालेल्या फिनिक्स विद्यापीठाला २०१९ मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाशी १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. मोठमोठ्या कंपन्यांशी आपले संबंध आहेत, त्यामुळं नोकरीची संधी मिळेल, असा भास जाहिरातींतून निर्माण केला, हा आरोप होता. पदवीच्या जाहिरातीला जगभर एकच वळण दिसतं.

आपल्याकडं या कल्पनेचं नाव आलं, मोजणी मागं राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये क्रेडिट साठवायची बँक काढली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या बँकेत २०२१-२२ पासून मिळवलेलेच क्रेडिट जमा होतात आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. शेजारच्या सुनेची बी.ए.ची दोन वर्षं २००९ ते २०११ मधली. ती बँकेच्या दाराबाहेर. पतसंस्थेत बारा वर्षं तिनं खतावणी लिहिली, व्याज काढलं, थकबाकीदारांच्या घरी जाऊन गोड बोलून वसुली केली. कामातून आलेल्या ज्ञानाला मान्यता द्यायची भाषा अलीकडच्या धोरणांत ऐकू येते, पण हे सगळं कसं मोजणार याची एक ओळ त्या बावीस पानांत नव्हती. तिला पहिल्या पायरीवर आणून उभं करायचं आणि वर म्हणायचं, पळ.

नियम तर आणखी सरळ आहे. ऑनलाइन असो की दूरशिक्षण, पदवीची मुदत नेहमीच्या पदवीइतकीच असावी लागते. २०२५ च्या नव्या नियमांत वेगवान पदवी आली आहे खरी. पण ती प्रवेशाच्या दारात मिळत नाही. आधी एक-दोन सत्रं अभ्यास करून दाखवायचा, मग समिती तुमची कुवत बघून ठरवणार, आणि अशी सवलत मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच. त्यातूनही तीन वर्षांची पदवी फार तर एका सत्रानं आधी आटोपते. म्हणजे अडीच वर्षं. अठरा महिने यात कुठंच बसत नाहीत. आणि विद्यापीठानं मधल्या माणसाला फ्रँचायझी देऊन असा अभ्यासक्रम चालवायला बंदीच आहे. ज्या विद्यापीठाचं नाव घेतात त्याला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघता येतं. २०२४ पासून विद्यार्थ्यानं त्या विभागाकडून स्वतःचा ओळख क्रमांकही काढायचा असतो. तो केंद्रवाल्याकडून काढून घेऊ नये, एवढं मी प्रत्येकीला सांगते.

तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. खोटं.

इथं माझं काम संपायला हवं होतं. पण ती उठेना. फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "मग खरं काय आहे ते सांगा."

मी इग्नूची माहितीपुस्तिका काढली. दिल्लीचं हे मुक्त विद्यापीठ १९८५ चं, साऱ्या देशात चालणारं. पुस्तिका म्हणाल तर कंटाळवाणी. बारीक अक्षर, कोष्टकंच कोष्टकं, चित्रात हसणारी बाई नाही. वर्षातून दोनदा प्रवेश, जानेवारीत आणि जुलैत. वयाची वरची अट नाही. बारावी झालेली नसेल तर सहा महिन्यांचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. स्वाध्याय लिहून द्यायचे, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा. आणि त्या कोष्टकांच्या गर्दीत दोन आकडे शेजारी शेजारी बसलेले. बी.ए.ची किमान मुदत तीन वर्षं. कमाल मुदत सहा.

समीक्षक म्हणून सांगते, त्या चकचकीत बावीस पानांपेक्षा हे लेखन चांगलं आहे. वाचणारी कोण, तिचं कसं चाललंय, हे त्या 'कमाल' शब्दात कुणीतरी धरलेलं आहे. एखाद्या वर्षी पोरगं आजारी पडेल, एखाद्या वर्षी घरात लग्न निघेल, कधी ऑडिट परीक्षेच्या तोंडावर येईल, हे गृहीत धरून कुणीतरी तीन वर्षांची जागा सोडून ठेवली आहे. एवढी माया मी पुष्कळ कवितांतही पाहिलेली नाही.

"हे मराठीत नाही काय?" तिनं विचारलं. हा आपल्या भागातला जुना सल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतं, त्याची स्वयंअध्ययनाची पुस्तकं सोपी आणि नीट लिहिलेली आहेत, पण राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतं. बेळगावात बसून त्याचं केंद्र मिळणार नाही, हद्दीपलीकडच्या एखाद्या कॉलेजात नाव घालावं लागणार. आपल्या राज्याचं मुक्त विद्यापीठ म्हैसूरला, तिथं कन्नड आणि इंग्रजी. इग्नूची बी.ए. इंग्रजी किंवा हिंदीत. ऑनलाइन पदवीला हद्द नाही म्हणतात, ते खरं आहे, पण ऑनलाइनवाल्यांनी मराठीची फारशी आठवण ठेवलेली नाही. तिची कन्नड बोलण्यापुरती, इंग्रजी ऑफिसच्या पत्रांपुरती. शेवटी हिंदीवर आलो. घरात हिंदी शास्त्रं वाचणाऱ्या आपल्या बायकांना ती परकी नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. अभ्यासाची भाषा कोणती, हे ठरवायला आमचा अख्खा एक दिवस गेला. माहितीपत्रकात याला किती जागा होती? शून्य.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिशेबाला बसलो. ती आकड्यांत माझ्यापेक्षा हुशार, मी नुसती सांगत गेले. दूरशिक्षणाच्या नियमांत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, म्हणजे ३६०० तास. घड्याळ लावून तीसच तास असं काही नसतं, कुणाला वीस पुरतील, कुणाला पस्तीस लागतील. पण अंदाजाला ठीक. तीन वर्षांत करायचे तर आठवड्याला तेवीस तास. अडीच वर्षांत, म्हणजे त्या सरकारी वेगानं, जवळपास अठ्ठावीस. आणि अठरा महिन्यांत?

तिनं कॅल्क्युलेटरवर काढलं आणि माझ्याकडं फिरवलं. सेहेचाळीस.

"हे तर माझ्या नोकरीपेक्षा जास्त झालं."

मग पतसंस्थेच्या जुन्या पावतीच्या पाठीवर तिनं आपला दिवस मांडला. पाचला उठणं. पाणी गाळणं, डबे, पोराची शाळा, सासूबाईंची साखरेची गोळी. नऊ ते सहा ऑफिस. सव्वासहाला घरी. आपल्या घरांत दिवस असताना जेवण उरकायचं, आणि चातुर्मासात तर त्यात सूट नाही, म्हणजे घरात पाऊल टाकल्यापासून सूर्य मावळेपर्यंत तिचा जीव टांगलेला. पदवीवाल्यांचे थेट वर्ग नेमके संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होणार होते. 'तुमच्या वेळेत' म्हणजे कुणाच्या, ते तेव्हा कळलं. एक मात्र खरं. जेवण लवकर उरकतं म्हणून आठनंतरचं घर शांत असतं. रात्री दीड तास, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी दुपारी तीन. बेरीज बारा.

तिनं पुन्हा भागाकार केला. ३६०० तास सहा वर्षांत म्हणजे आठवड्याला साडेअकरा.

आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. जिच्याकडं वेळ कमी, तिला कमी दिवसांची पदवी हवी, असं ते पत्रक धरून चालतं आणि आपणही चालतो. पाटीवर मांडलं की उलटं निघतं. दिवसात तास थोडे असतील तर वर्षं जास्त लागणार. कमी वर्षांत पदवी घेणं तिला जमतं, जिच्या दिवसाचे तास दुसऱ्या कुणी मोकळे करून दिलेत. मजा अशी की २०२५ च्या त्याच नियमांत वेगवान पदवीच्या शेजारी लांबवलेली पदवीही आहे. सत्राला कमी क्रेडिट घ्या आणि दोन सत्रांपर्यंत जास्त वेळ घ्या. जुळ्या बहिणीच म्हणा ना. पण थोरलीची जाहिरात गल्लोगल्ली आणि धाकटीचं नाव मी अजून एकाही फलकावर पाहिलं नाही.

आता थोडं आपल्या घरातलं बोलते, कारण सगळा दोष पत्रकावर टाकून सुटका नाही. आपल्या समाजाच्या मासिकांत, स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकांत शिकलेल्या सुनांच्या यशोगाथा छापून येतात. मी त्या आवडीनं वाचते, काही मीच लिहिल्या आहेत. त्या सगळ्यांत एक शब्दप्रयोग असतोच, 'संसार सांभाळून'. संसार सांभाळून एम.ए. केलं, संसार सांभाळून पीएच.डी. मिळवली. हा शब्दप्रयोग पत्रकातल्या 'तुमच्या वेळेत'चा सख्खा भाऊ आहे. तोही तास लपवतो.

माझ्यावरही अशी एक यशोगाथा आली होती, वीसेक वर्षांपूर्वी. तीत लिहिलं होतं की लग्नानंतर दोन मुलं सांभाळून मी बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए. केलं. 'दोन वर्षांत' असंही होतं. खरं तर मला पाच वर्षं लागली. दोनदा परीक्षेला बसलेच नाही, एकदा एक पेपर राहिला. मासिकवाल्यांची चूक होती, पण ती दुरुस्त करायला मी कुणाला कळवलं नाही. लाज वाटली होती. आणि संसार सांभाळला म्हणाल तर तो माझ्या विधवा नणंदेनं सांभाळला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. परीक्षेच्या महिन्यात ती मला चुलीपाशी येऊ द्यायची नाही. "तू वाच ग, मी हाय न्हवं," एवढंच म्हणायची. त्या लेखात तिचं नाव नाही. मी सांगितलंच नव्हतं, तर ते येणार कुठून? तो अंक तिनं जपून ठेवला होता. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडला.

आपल्या आधीच्या बायकांनी हे लपवलं नाही, म्हणून त्यांची पुस्तकं मी पुन्हा पुन्हा काढते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये निघाल्या. नवरा न्यायाधीश, शिकवायला तयार, तरी घरातल्या बायकांचे टोमणे, अबोला, कामाचा ताण, हे सगळं त्या लिहितात. शिकण्याचा वेळ कुणाकडून मिळाला आणि कुणी तो ओढून घ्यायला बघितलं, याची ती वहीच आहे. पार्वतीबाई आठवल्यांची 'माझी कहाणी' १९२८ ची. ऐन तारुण्यात विधवा झालेली ही बाई पुण्याला बहिणीकडं, कर्व्यांच्या घरी आली आणि मोठ्या वयात शिकू लागली. नंतर हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. इंग्रजी काही जमेना, म्हणून १९१८ मध्ये, पन्नाशीला आलेली असताना, ती शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करत राहिली. नोकरी करून शिकणारी प्रौढ विद्यार्थिनी, अगदी पत्रकातल्या व्याख्येत बसणारी! पण त्या कहाणीत झटपट काही घडत नाही. अडखळणं आहे, वय आड येणं आहे, आणि ते सांगताना बाईचा आवाज जराही पडत नाही.

आपल्याकडं मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात सुमतिबाईंनी श्राविकाश्रम चालवले, तेही शेवटी यासाठीच. विधवा, टाकलेल्या बायकांना राहायला जागा, जेवायला अन्न आणि त्याबरोबर अक्षर. प्रवेश म्हणजे नुसतं रजिस्टरात नाव घालणं नव्हतं, तर घरकामाच्या रगाड्यातून तिला उचलून आणणं होतं. त्या संस्थांतली शिस्त फार कडक होती, सगळ्याच मुली तिथं सुखी होत्या असं मी म्हणणार नाही. पण बाईला शिकवायचं तर आधी तिचे तास सोडवावे लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. ऑनलाइन शिक्षणानं बाईला घरातच ठेवलं, प्रवासाचा वेळ वाचवला, हा त्याचा मोठा गुण आहे आणि मी तो नाकारत नाही. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान रात्री दहाला ऐकता येणं ही माझ्या काळात स्वप्नातही नसलेली सोय आहे. पण घरातच ठेवली म्हणजे रगाड्यातही ठेवली.

ती मात्र एवढ्यानं ऐकणारी नव्हती. "काकू, तुमचं सगळं पटलं. पण सहा वर्षं म्हणजे मी चाळिशीची होणार. ती जागा सहा वर्षं माझ्यासाठी रिकामी राहणार काय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. राहणार नाही. ती जागा बहुतेक कुणा पदवीवाल्या पोराला मिळेल, त्याला काम हीच शिकवेल, हे तिला माहीत आहे आणि मलाही. त्या केंद्रवाल्याचा धंदा चालतो तो याच भीतीवर. घाई तिच्या मनातून आलेली नाही, बाहेरून आलेली आहे. पतसंस्थेनं बारा वर्षांच्या कामाला काही किंमत धरली असती तर हा फोन माझ्याकडं आलाच नसता. तेव्हा पत्रक खोटं बोलतं म्हणून तिला हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. खोटं असलं तरी तिच्या अडचणीचं नाव घेणारा तेवढा एकच कागद तिच्यापर्यंत पोचला होता.

बोलता बोलता मधला मार्ग तिनंच काढला. पहिल्या वर्षी नियमानं सगळे विषय घ्यायचे, जमलं तर तीन-चार वर्षांत संपवायचं, नाही जमलं तर मागं जागा आहेच. त्यासाठी आठवड्याला बारा ऐवजी अठरा-वीस तास लागणार. म्हणजे रोज संध्याकाळचा आणखी एक तास कुठून तरी आणायचा. तो पावतीवर कुठं दिसेना. मी म्हटलं, "हे घरात बोल. फी किती ते सांगू नकोस आधी, तास सांग."

चार दिवसांनी ती आली. अर्जाची शेवटची तारीख आठवड्यावर होती. फोटो काढून आणला होता, बारावीचं प्रमाणपत्र सापडलं होतं, नावातला फरक दाखवायला लग्नाचा दाखलाही होता.

"सासूबाईंना सांगितलं काय?"

"सांगितलं. फी किती ते विचारलंच नाही त्यांनी. संध्याकाळच्या भाकरी कोण करणार ते विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, ह्यांना विचारा."

"आणि?"

"हे म्हणाले, भात करीन. भाकरी काही जमायची नाही." मग जरा थांबून म्हणाली, "काकू, सासूबाईंना साखर आहे. भात चालत नाही." आणि अर्ज माझ्यापुढं सरकवून तिनं बोट ठेवलं, "इथं माध्यम हिंदीच लिहू ना?"